भोंग्याची साक्ष

भोंग्याला त्याच्या आईबापांनी चांगलं नाव ठेवलं होतं, पण ते शाळेच्या दाखल्यापलीकडे फारसं कुठे गेलं नाही. लाउडस्पीकर भाड्याने देणं हा त्याचा धंदा. अशा माणसाला स्वतःच्या आवाजाची खरं तर गरज नसते, पण देवाने याला दोन्ही दिलं होतं. घरात त्याने मीठ मागितलं तरी शेजारची बाई मीठ घेऊन यायची, असं त्याच्या ख्रिस्ती मंडळीतले लोक गमतीने म्हणत. तो रागावत नसे. आवाज मोठा असेल तर मन मोकळं असतं, असं त्याचं म्हणणं होतं.

आठवडाभर लग्नं, दुकानांची उद्घाटनं, शाळांची स्नेहसंमेलनं. रविवारी मात्र त्याचं सगळं सामान प्रार्थनामंदिरात, आणि तेही फुकट. शेवटच्या बाकामागे भिंतीला लागून त्याचं टेबल असे. टेबलावर बटणांची पेटी, कानाला हेडफोन, आणि चेहऱ्यावर विमान चालवत असल्याचा भाव. उपदेश पाळकसाहेब करीत, पण तो शेवटच्या बाकापर्यंत पोचतो तो आपल्यामुळे, हे भोंगा कधी विसरला नाही आणि त्याने कुणाला विसरूही दिलं नाही.

त्यांच्या मंडळीत साक्ष द्यायची रीत होती. उपदेशाच्या आधी ज्याला वाटेल त्याने पुढे यावं आणि देवाने आपल्यासाठी काय केलं ते थोडक्यात सांगावं. यातला ‘थोडक्यात’ हा शब्दच कुणाच्या कानात शिरत नसे. माणूस एकदा माइकपुढे उभा राहिला की देवाने काय केलं ते राहतं बाजूला आणि आपण काय काय सोसलं याचं पुराण सुरू होतं. अशा वेळी पाळकसाहेब हळूच कान खाजवीत. ती खूण होती. मग भोंगा एक बटण अगदी सावकाश, बोलणाऱ्याला कळणार नाही अशा बेताने, डावीकडे फिरवायचा. आवाज हळूहळू खाली जायचा. बोलणाऱ्याला वाटायचं आपलाच घसा बसला, आणि तो आमेन म्हणून खाली बसायचा. काही भाविक म्हाताऱ्या म्हणत, पाहा, आत्म्याने त्याला कसं शांत केलं.

ही युक्ती फक्त दोघांना ठाऊक होती, पाळकसाहेबांना आणि भोंग्याच्या बायकोला. बायकोला ती पसंत नव्हती. ज्याचं त्याला बोलू द्यावं, असं ती म्हणायची. भोंगा म्हणायचा, मग दुपारचं जेवण संध्याकाळी जेवायची तयारी ठेवा.

बायकोला सगळे ‘बाई’ म्हणत. रविवारी उपासनेच्या आधी बाजूच्या खोलीत ती लहान मुलांचा वर्ग घ्यायची, म्हणून बाई. एरवी घरी मशीनवर शाळेचे गणवेश शिवायची. तिचं बोलणं मोजकं. दोघांच्या वाट्याचं बोलणं देवाने एकाच घशात भरलं होतं, आणि तो घसा तिचा नव्हता. त्यांना मूलबाळ नव्हतं. या गोष्टीचं दुःख करून झालं होतं, आणि आता घरात तिचं मशीन आणि त्याचा आवाज असे दोघं सुखाने नांदत होते.

तर या बाईंच्या पोटात गेल्या वर्षी गाठ निघाली. वाईट जातीची. मोठ्या दवाखान्यात उपचार झाले, केस गेले, अन्न गेलं, उभं राहायची ताकद गेली. मंडळीने आळीपाळीने उपास धरले. भोंग्याने तर देवाला रात्रंदिवस भंडावून सोडलं. आणि मग एका तपासणीला डॉक्टरीणबाई म्हणाल्या की गाठीचा आता मागमूस दिसत नाही. भोंगा दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून लहान मुलासारखा रडला.

त्या रविवारी टेबल दुसऱ्याच्या हवाली करून तो स्वतः माइकपुढे गेला. काय साक्ष दिली म्हणता! बायकोचे हात कसे काडीसारखे झाले होते ते सांगितलं, आपण देवाशी कसं भांडलो ते सांगितलं, आणि मग हात वर करून म्हणाला की माझ्या देवाने ती गाठ फळ्यावरचं पुसावं तशी पुसून टाकली. बाकाबाकांवर लोक रडले. पाळकसाहेबांचा हात कानाकडे गेलाच नाही. घरी आल्यावर बाई एवढंच म्हणाल्या की औषधांचं आणि डॉक्टरीणबाईंचं नाव एकदा तरी घ्यायला हवं होतं. तो म्हणाला, डॉक्टरांना फी मिळते, देवाला काय मिळतं? निदान श्रेय तरी मिळू दे.

ती साक्ष गाजली. दुसऱ्या मंडळ्यांनी त्याला बोलावलं. तो गेला, आणि दर खेपेला बायकोचे हात थोडे आणखी बारीक होत गेले. त्याला खोटं बोलायचं नव्हतं, पण ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येताना दिसले की माणसाचा तोल जातो. बाई या फेऱ्यांना गेल्या नाहीत. शिवण पडून आहे, म्हणायच्या.

ती साक्ष ऐकून मंडळीत आलेल्यांत एक ड्रायव्हर होता. कारखान्यातल्या कामगारांची बस चालवायचा. बायको नव्हती, एकच मुलगी. कापडाच्या दुकानात कामाला होती ती, माळ्यावरून गठ्ठा काढताना शिडीवरून पडली आणि कमरेखालचं सगळं लुळं पडलं. डॉक्टरांनी हात टेकले होते. ड्रायव्हर याआधी कधी प्रार्थनेला गेलेला माणूस नव्हता. पण भोंग्याचं बोलणं ऐकल्यापासून तो दर रविवारी पहिल्या बाकावर येऊन बसू लागला. उपासना संपली की तो भोंग्याच्या टेबलापाशी यायचा आणि विचारायचा, “होईल ना हो?” भोंगा त्याच्या खांद्यावर थाप मारून म्हणायचा, “का नाही होणार? आमच्या बाई बघा.” ड्रायव्हर तेवढ्या शिदोरीवर आठवडा काढायचा.

आणि आता वर्षाची मोठी सभा आली होती. आसपासच्या सगळ्या मंडळ्या जमणार होत्या. पाळकसाहेबांनी ठरवलं होतं की या खेपेला खुद्द बाईंनीच साक्ष द्यायची. बाईंनी आढेवेढे घेतले आणि शेवटी हो म्हटलं. सभा रविवारी. त्याआधीच्या गुरुवारी नेहमीची तपासणी होती. भोंगा तिथे जाताना शीळ घालत गेला.

गाठ परत आली होती. पोटातून यकृतात गेली होती. डॉक्टरीणबाईंनी काही लपवलं नाही. थोपवून धरता येईल, त्या म्हणाल्या, पण काढून टाकता येणार नाही. किती दिवस, असं भोंग्याने विचारलं तेव्हा त्यांनी त्याच्याकडे न बघता बाईंकडे बघितलं, आणि बाईंनी मान हलवली, नका सांगू म्हणून.

परतीच्या वाटेवर तो एकसारखा वायरींविषयी बोलत होता. सभेला जास्तीचे दोन कर्णे लागतील, जुनी वायर कुठे तरी आतून तुटली आहे, असं काही तरी. बाई ऐकत होत्या. घरात शिरल्यावर तो एकदम गप्प झाला, आणि त्या घरात एवढी शांतता पूर्वी कधी झाली नव्हती.

मग त्याने आपला बेत मांडला. रविवारपर्यंत अळीमिळी गुपचिळी. तू उभी राहा, गेल्या वर्षीचं सांग, देवाचे आभार मान आणि खाली बस. त्यात खोटं काहीच नाही, गेल्या वर्षी गाठ गेलीच होती. परत आली हे कुणी विचारलं तर सांगू, नाही विचारलं तर नाही. विश्वासाने चालायचं. एवढे लोक येणार, त्यांच्या तोंडचा घास काढून घ्यायचा का? त्या ड्रायव्हरचं काय होईल?

बाई खिडकीशी बसून गणवेशाची उसवलेली शिवण घालत होत्या. त्यांनी सुई थांबवली नाही. म्हणाल्या, “देवाला सांभाळून घ्यायला आपण कोण हो?”

भोंग्याने पायात चपला सरकवल्या. तो तडक पाळकसाहेबांकडे गेला.

पाळकसाहेब भला माणूस. बातमी ऐकून ते खुर्चीत मटकन बसले. मग त्यांनी प्रार्थना केली, भोंग्याचा हात धरून, अगदी मनापासून. पण सभा त्यांच्या डोक्यावर होती. त्यांचंही इथेच घोडं पेंड खात होतं. बाईंना कार्यक्रमातून वगळलं तर लोक विचारणार, आणि बोलू दिलं तर त्या काय बोलतील याचा नेम नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ते स्वतःशीच पुटपुटले आणि लगेच ओशाळले. दारापर्यंत सोडायला आले तेव्हा अर्धं हसत, अर्धं गंभीरपणे म्हणाले की बाईंना फार गहिवरून आलंच, तर तुझं बटण आहेच.

दुसऱ्या दिवशी भोंग्याचं एका भांड्यांच्या दुकानाच्या उद्घाटनाचं काम होतं. कर्णे बांधून झाले आणि तो माइक हातात घेऊन नेहमीसारखं ‘हॅलो, हॅलो’ करू लागला. आवाज रस्त्याच्या टोकापर्यंत गेला. लोकांनी माना वळवल्या. आणि त्याच्या मनात आलं की वर्षभर मी ओरडतोय, ते नेमकं ऐकलं कुणी?

त्याला राग यायला हवा होता, पण राग करायचं धाडस नव्हतं. त्याला देवाची लाज वाटत होती. भर मांडवात एखाद्या मोठ्या नातेवाइकाने शब्द द्यावा, आपण तो चार गावांत मिरवावा, आणि मग त्याने खुशाल हात वर करावेत, तशी लाज. आपण तोंडघशी पडलो याचं त्याला तितकं वाटत नव्हतं. देव तोंडघशी पडला होता, आणि तो कुणाला दिसू नये म्हणून भोंगा त्याच्यापुढे उभा राहून अंगाने झाकू बघत होता. आणि या सगळ्याच्या तळाशी एक गोष्ट होती, तिच्याकडे तर तो बघतच नव्हता. बायको गेली आणि देवही उरला नाही, तर मग त्या दोन खोल्यांत आपल्याबरोबर राहणार कोण?

रविवारी सभागृह खच्चून भरलं. मागे लोक उभे होते, वर पंख्यांची घरघर चालली होती. भोंग्याच्या हेडफोनमध्ये माइकवरचा आवाज थेट येई. बाहेरचे कर्णे बंद केले तरी त्याच्या कानात तो ऐकू येत राही, आणि हे बाईंनाही ठाऊक होतं. गाणी झाली, स्वागत झालं, आणि पाळकसाहेबांनी बाईंना बोलावलं. त्या डोक्याला रुमाल बांधून पुढे आल्या. केस पूर्वीसारखे दाट आले नव्हते, तेवढंच. पहिल्या बाकावर ड्रायव्हर ताठ बसला होता.

बाईंनी सगळ्यांना नमस्कार केला. गेल्या वर्षी मंडळीने किती केलं ते सांगितलं, डॉक्टरीणबाईंचं आणि त्यांच्या हाताखालच्या मुलींचं नाव घेतलं. त्यांचा आवाज सपाट आणि स्वच्छ येत होता. मग त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, “या गुरुवारी मी परत तपासणीला गेले होते.”

पाळकसाहेबांचा हात कानाकडे गेला नव्हता. हे भोंग्याने नंतर स्वतःशी कबूल केलं. त्याने तिकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. बटण त्याचं त्यानेच फिरवलं, सावकाश, डावीकडे, अगदी टोकापर्यंत.

बाईंचा आवाज पंख्यांच्या घरघरीत बुडाला. मागचे लोक माना उंच करून पाहू लागले. एक म्हातारी म्हणाली, गहिवरून आलं बिचारीला. बाई बोलायच्या थांबल्या. त्यांनी माइककडे पाहिलं नाही, पाणी मागितलं नाही. सगळ्या डोक्यांवरून त्यांनी सरळ टेबलाकडे पाहिलं. मग माइकच्या अगदी जवळ तोंड नेऊन, घरात बोलावं इतक्या हळू त्या बोलल्या. ते कुणालाच ऐकू गेलं नाही. फक्त भोंग्याच्या कानात ते शब्द आले.

“अहो, मला भीती नाही वाटत. तुम्ही घाबरलाय. मी गेले की जाणार असेल तुमचा देव, तर तो आत्ताच जाऊ दे. मी आहे तोवर जाऊ दे. नंतर एकटे कसे सोसाल?”

भोंग्याचा हात बटणावर होता. लग्न झाल्यापासून त्या बाईने त्याला इतकं लांबलचक कधी सुनावलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांपुढची बटणं दिसेनाशी झाली. त्याने अंदाजानेच ते उजवीकडे फिरवलं.

“माझी गाठ परत आली आहे,” बाईंचा आवाज सभागृहाच्या कानाकोपऱ्यात गेला. “थोपवता येईल, काढता येणार नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. गेल्या वर्षी यजमानांनी दिलेली साक्ष खोटी नव्हती. ते वर्ष मला देवानेच दिलं, औषध देणाऱ्यांच्या हातून दिलं. पण ऐकताना काहींना वाटलं असेल की देव म्हणजे गाठ घालवणारा. मग ती परत आली तर देव गेला का?

“माझी वर्गातली मुलं विचारतात, बाई, देव केवढा आहे? एक म्हणतं डोंगराएवढा, दुसरं म्हणतं आभाळाएवढा. मी त्यांना सांगते, मोजायचं तर त्याच्या बाहेर जाऊन उभं राहायला लागेल, आणि तेवढी बाहेरची जागा कुठे नाहीच. मुलांना हे लगेच पटतं. मला पटायला गुरुवार उजाडावा लागला. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मी बघत होते, आता मी त्याच्या बाहेर पडले का म्हणून. नाही पडले.

“मला बरं व्हायचं आहे. मी रोज मागते, तुम्हीही मागा. आपल्या प्रभूनेही क्रूसावर जायच्या आदल्या रात्री बागेत रडून मागितलंच होतं की. त्याला हवं ते मिळालं नाही, तरी तो बापालाच हाक मारत राहिला. मलाही दुसरी हाक येत नाही. एवढीच माझी साक्ष.”

त्या खाली बसल्या. कुणी आमेन म्हटलं नाही. कुणी तरी खोकलं. पाळकसाहेब उभे राहिले, त्यांनी तयार केलेलं भाषण टेबलावर उपडं ठेवलं आणि गुडघे टेकले. मग बाक सरकल्याचा आवाज आला. पहिल्या बाकावरचा ड्रायव्हर उठला होता. मधल्या वाटेने, कुणाकडेही न बघता, तो दाराबाहेर निघून गेला.

भोंग्याने हेडफोन काढून ठेवला आणि तो त्याच्या मागे गेला. उपासना चालू असताना टेबल कुणाच्या हवाली न करता सोडायची ही त्याची पहिलीच वेळ. ड्रायव्हर फाटकाशी उभा होता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

“तुम्ही म्हणालात, आमच्या बाई बघा,” ड्रायव्हर म्हणाला. “दर रविवारी म्हणालात. मी घरी जाऊन पोरीला तेच सांगत होतो.”

भोंग्याने मान खाली घातली. चूक झाली, असं तो म्हणाला. पण नेमकी कुठे चुकलो ते त्याला सांगता येईना. तो काही खोटं बोलला नव्हता. देवाचं मोठेपण सांगायला गेला आणि ते बायकोच्या एका तपासणीएवढं करून बसला.

“आता तुम्ही कशावर विश्वास ठेवणार?” ड्रायव्हरने विचारलं. त्यात कुजकेपणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

चार गावांत साक्ष दिलेला तो माणूस फाटकाला धरून उभा राहिला आणि त्याच्या तोंडून शब्द फुटेना. ड्रायव्हरने थोडा वेळ वाट पाहिली आणि तो निघून गेला.

त्या दिवशी घरी आल्यावर भोंग्याने बाईंना काही विचारलं नाही आणि बाईंनीही बटणाचा विषय काढला नाही. मंडळीतल्या काहींना राग आला होता. सभेचा विरस झाला म्हणे. काहीजण येऊन बाईंचे हात हातात घेऊन नुसतेच बसून गेले. भोंगा आतल्या खोलीत वायरी गुंडाळत बसायचा. गुंडाळलेली वायर सोडून परत गुंडाळायचा. प्रार्थना त्याने सोडली होती असं नाही, पण तोंड उघडलं की काय बाहेर पडेल याची त्याला धास्ती वाटत होती, म्हणून तो तोंड उघडत नव्हता.

तीन-चार दिवसांनी, दुपारी, दारात ड्रायव्हर उभा. भोंगा हातातली वायर ठेवून उठला. ड्रायव्हर आत आला, बसला नाही, बाईंकडे पाहून म्हणाला की मुलीने तुम्हाला बोलावलंय.

मग त्याने सगळं सांगितलं. वर्षभर तो मुलीच्या मागे लागला होता की बाईंना घरी बोलावू, त्या तुझ्यापाशी बसतील, प्रार्थना करतील. ती भिंतीकडे तोंड फिरवायची. रविवारी घरी गेल्यावर त्याने रागाच्या भरात तिला सगळं सांगून टाकलं. कसली प्रार्थना आणि कसलं काय, त्या बाईंचंच दुखणं उलटलंय, असं. मुलगी दोन दिवस काही बोलली नाही. आज सकाळी म्हणाली की त्यांना बोलवा. आता कशाला, असं त्याने विचारलं तर म्हणाली, “बऱ्या झालेल्या बाईशी मी काय बोलणार होते, बाबा?”

बाईंनी मशीनवरचं कापड घडी करून ठेवलं आणि चपला घातल्या.

ड्रायव्हरच्या घरात दोनच खोल्या होत्या. आतल्या खोलीत पलंगावर मुलगी उशीला टेकून बसली होती. विशी ओलांडलेली, केस नीट विंचरलेले, पाहुणे येणार म्हणून की काय, स्वच्छ कपडे घातलेले. बाई आत गेल्या आणि तिने खुणेने बापाला दार लोटून घ्यायला सांगितलं.

बाहेरच्या खोलीत दोघं पुरुष एकमेकांसमोर बसले. आतून बोलण्याची गुणगुण येत होती. मुलगी बराच वेळ बोलली. मग कुणी तरी रडलं, ते कोण हे कळलं नाही. मग कधी तरी मुलगी हसली. ड्रायव्हर दचकून दाराकडे बघत राहिला. तो आवाज त्या घरात फार दिवसांनी झाला असावा. 

“परवा तुम्ही विचारलंत ना, कशावर विश्वास ठेवणार,” भोंगा म्हणाला. त्याचा आवाज इतका हलका होता की त्याला स्वतःलाच ओळखू आला नाही. “मी विचार केला. मला देवाचा फार राग आलाय हो. ती जाणार, आणि मी त्या घरात एकटा राहणार. हे कुणाला सांगू? तिला सांगितलं तर तिला माझीच काळजी. पाळकांना सांगितलं तर ते घाबरतात. तुम्हाला तुमचंच जड झालंय. एवढा राग, एवढी भीती मावेल असं दुसरं कुणी नाही मला. एकच आहे. म्हणून मी त्याच्याकडेच जाणार. बाकी मला काही कळत नाही.”

ड्रायव्हर त्याच्याकडे बघत राहिला. “त्याच्यावर रागावलेलं चालतं?”

“मला ठाऊक नव्हतं,” भोंगा म्हणाला. “आज सकाळी करून पाहिलं. फार वाईटसाईट बोललो. मग गप्प झालो, तर वाटलं, कुणी तरी सगळं ऐकून घेऊन अजून तिथेच बसलंय.”

आतली गुणगुण आता थांबली होती. दोघी प्रार्थना करत असाव्यात. ड्रायव्हरने हात जोडले. वर्षभर तो दुसऱ्यांच्या प्रार्थनेला नुसतं आमेन म्हणत आला होता. स्वतःचं असं काही बोलला नव्हता. आता त्याने डोळे मिटले.

“तू ऐकतोस की नाही ते मला माहीत नाही,” तो म्हणाला, “पण मी तुझ्यावर फार चिडलोय.”

भोंग्याने मान खाली घातली आणि हळूच म्हटलं, “आमेन.”